बातमीतला शब्द अडला की आधी काय करायचं, मग काय करायचं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी हे होतं. कुणीतरी बातमीचा स्क्रीनशॉट टाकतं, खाली विचारतं "उणे 20 टक्के म्हणजे काय हो, धरण उणे कसं असेल?", मग पाच जण पाच अर्थ सांगतात, सहावा गुगलवरून काहीतरी इंग्रजी चिकटवतो आणि शेवटी जो सगळ्यात ठामपणे बोलतो त्याचा अर्थ खरा ठरतो. घरी बाबा सात वाजता टीव्ही लावून बसतात आणि दर दहा मिनिटांनी हाक मारतात, त्यामुळे मला या कामाची सवय झालीये. माझ्या अनुभवात लोकांची चूक अर्थ शोधण्यात होत नाही, क्रमात होते. आधी शब्द सर्च करतात, पहिला येईल तो अर्थ उचलतात आणि मग बातमी त्या अर्थात कोंबतात. करायचं बरोबर उलटं. कुणाचा शब्द आहे ते आधी, अर्थ मागाहून.

तयारी

एक वही लागेल. मोबाईलमधली नोटही चालेल, पण बाबांसाठी मी वहीच ठेवलीये, कारण त्यांना पान उलटून बघायला आवडतं. पानाचे चार रकाने पाडा: बातमीतलं वाक्य, कोण म्हणालं, अर्थ, तारीख. शेवटचा रकाना लोक पाडतच नाहीत, तो का हवा ते आठव्या पायरीत येईल.

दुसरं म्हणजे एकाच बातमीचे दोन मजकूर समोर असू द्या, एक टीव्हीचा किंवा रीलचा आणि एक छापील पेपरचा. टीव्हीची पट्टी घाईत बनते, पेपरात निदान एका माणसाने दुसऱ्यांदा वाचलेलं असतं (असं आपण समजू).

1. शब्द नको, पूर्ण वाक्य उतरवा

"व्हिप म्हणजे काय?" हा प्रश्नच अर्धवट आहे. "पक्षाने आमदारांना व्हिप बजावला" आणि "व्हिप म्हणून अमुक यांची नेमणूक" ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात व्हिप हा आदेश आहे, दुसऱ्यात माणूस. मराठीत त्या माणसाला प्रतोद म्हणतात आणि आदेशाला पक्षादेश, पण बातम्यांमध्ये दोन्हीसाठी सर्रास व्हिप वापरतात. 2022-23 मध्ये शिवसेनेच्या प्रकरणात घरोघरी हा घोळ चालला होता, खरा प्रतोद कोण आणि कुणाचा व्हिप कुणाला लागू, सगळं एकाच शब्दात कालवलेलं. 11 मे 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा (म्हणजे नुसत्या आमदारांच्या गटाचा) नाही. आता ज्याच्या डोक्यात व्हिप म्हणजे फक्त आदेश एवढंच आहे त्याला हे वाक्य कळणारच नाही. आणि शब्दकोशात प्रतोद बघितलात तर चाबूक सापडेल, त्याने तर अजूनच गंमत.

*तपासा:* वहीत एकटा शब्द लिहिलाय का? मग पुढे जाऊ नका, मागे जाऊन वाक्य आणा.

2. कानाने ऐकलेला शब्द नीट लिहून काढा

बाबांनी एकदा "सुमो टू" असं लिहून ठेवलं होतं, मला वाटलं गाडीची बातमी आहे. निघालं "सुमोटो", म्हणजे कुणी अर्ज न करता कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. क्युसेकचं "क्युसेस", टीएमसीचं "टीएनसी" हे तर नेहमीचं (दोन्ही धरणाच्या पाण्याची मापं, पाचव्या पायरीत येतील). आणि टीएमसी बरोबर लिहून सर्च केलं की बंगालचा पक्षही येतो.

गॅझेट हा शब्दही तसलाच. 2025 च्या सप्टेंबरमध्ये "हैदराबाद गॅझेट" कानावर पडायला लागलं तेव्हा कुणाला ते सरकारी राजपत्र वाटलं, कुणाला हातातलं गॅजेट. तिथे विषय होता निजामाच्या काळातल्या नोंदींचा. सरकार आज जे राजपत्र छापतं तो वेगळा कागद.

पेपरातलं स्पेलिंग बघा, तेच घ्या. छापील बातमी मिळत नसेल तर व्हिडिओ मागे घेऊन ते वाक्य दोनदा ऐका, एवढंच. या पायरीवर जास्त वेळ घालवू नका.

3. हा शब्द कुणाच्या तोंडचा आहे?

इथे मात्र थांबा, ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. बातमीतला अवघड शब्द बहुतेक वेळा कुठल्यातरी ऑफिसचा असतो. हवामान खात्याचा, महसूल खात्याचा, पाटबंधाऱ्याचा, कोर्टाचा, रिझर्व्ह बँकेचा. त्या ऑफिसने त्याचं माप ठरवलेलं असतं आणि तेच माप शेजारच्या ऑफिसात चालत नाही.

अतिवृष्टी घ्या. आपल्या बोलण्यात अतिवृष्टी म्हणजे भयंकर पाऊस. महसूलवाल्यांकडे महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी, आणि पुढे पंचनामे आणि नुकसानभरपाईची गाडी त्यावर हलते. आता हवामान खात्याकडे या. त्यांचा "मुसळधार" 64.5 मिलिमीटरला सुरू होतो, 115.6 पासून "अति मुसळधार", आणि 204.4 च्या वर त्यांचा सगळ्यात वरचा वर्ग. म्हणजे तहसीलदाराची अतिवृष्टी ही हवामान खात्याच्या शिडीवर खालच्याच पायरीला असू शकते. "आमच्याकडे अतिवृष्टी झाली म्हणतात आणि हवामान खातं तर नुसतं मुसळधार म्हणत होतं, खोटं कोण बोलतंय?" असं गावाकडच्या एका काकांनी मला तावातावाने विचारलं होतं. कुणीच खोटं बोलत नव्हतं, पट्ट्या दोन होत्या.

ढगफुटी हा शब्दही असाच वाटेल तिथे फेकला जातो. हवामान खात्याच्या हिशोबात साधारण 20-30 चौरस किलोमीटरच्या छोट्या भागात तासाभरात 100 मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त पाऊस हवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, पण दिवसाचा आकडा कितीही मोठा असला तरी ढगफुटी ठरवायला तासाचा आकडा बघावा लागतो. बातमीत तासाचा आकडाच नसेल तर ढगफुटी हा शब्द वार्ताहराचा समजा, खात्याचा नाही.

अलर्टचे रंग पटकन: यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. रेड अलर्ट म्हणजे शाळेला सुट्टी नव्हे, सुट्टी स्थानिक प्रशासन जाहीर करतं, त्याची वेगळी ऑर्डर निघते. दरवर्षी पालकांच्या ग्रुपवर या एका गोष्टीवरून सकाळी सहाला भांडणं होतात.

*सावधान:* दुसऱ्या रकान्यात "टीव्हीवर म्हणाले" असं लिहू नका. टीव्हीने कुणाचं सांगितलं ते लिहा. नाव सापडलं नाही तर तो शब्द सजावटीचा आहे, त्याचा अर्थ शोधत बसू नका.

4. त्याच्या शेजारचा शब्द शोधा

एकट्या शब्दाचा अर्थ लक्षात राहत नाही, जोडी लावली की राहतो. कोर्टाच्या बातम्यांत तर जोडीशिवाय पान हलत नाही.

बाबांचा ठाम समज होता की पोलीस कोठडी म्हणजे किरकोळ आणि न्यायालयीन कोठडी म्हणजे मोठं, कारण त्यात न्यायालय आहे ना! प्रत्यक्षात अटक झाली की 24 तासांच्या आत आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं (प्रवासाचा वेळ सोडून). तिथे पोलीस म्हणतात आम्हाला चौकशीसाठी ताब्यात हवा, कोर्टाने दिला तर ती पोलीस कोठडी, कोर्टाच्या आवारात तिला पीसीआर म्हणतात. पोलिसांचं काम झालं किंवा कोर्टाने अजून दिवस द्यायला नकार दिला की माणूस तुरुंगात जातो, कोर्टाच्या नावावर, ती न्यायालयीन कोठडी म्हणजे एमसीआर. एमसीआर झाली की वकील बहुतेक लगेच जामिनाचा अर्ज टाकतो. म्हणजे "न्यायालयीन कोठडीत रवानगी" ही हेडलाइन वाचून ग्रुपवर "बरं झालं, शिक्षा झाली" असं जे लिहितात ना, त्यांना कळलेलंच नसतं की आरोपीचा वकील त्याच वाक्याची वाट बघत होता. पोलीस कोठडी एकूण 15 दिवसच मिळते. आणि गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामीन मागायचा हक्कच मिळतो.

अजून थोड्या जोड्या, या वहीत एकाच पानावर लिहा:

एफआयआर आणि एनसी. एफआयआर दखलपात्र गुन्ह्याची, पोलीस थेट तपासाला लागू शकतात. एनसी अदखलपात्राची, त्यात मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास नाही. "पोलिसात तक्रार दाखल" एवढंच लिहिलं असेल तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं.

आरोपपत्र दाखल आणि आरोप निश्चित. पहिलं पोलीस करतात, दुसरं कोर्ट करतं, मध्ये कधीकधी वर्षं जातात.

दोषमुक्त आणि निर्दोष. दोषमुक्त म्हणजे खटला चालवण्याइतकंच काही नाही म्हणून आधीच सोडलं. निर्दोष मुक्तता खटला चालून झाल्यावर. आणि "क्लीन चिट" हा शब्द कायद्यात कुठेच नाही, तो पेपरवाल्यांचा आहे. तो दिसला की तिसऱ्या पायरीवर परत जा आणि नेमकं कोण काय म्हणालं ते बघा, पोलिसांनी तपास बंद केल्याचा अहवाल दिला की कोर्टाने सोडलं.

कॅव्हेट आणि याचिका. "सरकारकडून सुप्रीम कोर्टात कॅव्हेट" वाचून लोकांना वाटतं सरकारने केस केली. कॅव्हेट म्हणजे फक्त आधीच सांगून ठेवणं की समोरचा माणूस आला तर आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका.

*तपासा:* जोडीतला दुसरा शब्द वाक्यात घालून बघा. अर्थ बदलला तर तुम्हाला फरक कळलाय. दोन्ही सारखेच वाटत असतील तर अजून नाही कळला.

5. आकडा असेल तर विचारा, टक्के कशाचे?

आता ते उणे धरण. उजनीचंच घेऊ कारण दर उन्हाळ्यात सोलापूरकरांचा जीव त्यात अडकलेला असतो. उजनीत एकूण साठा साधारण 117 टीएमसी, त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा (तळाचं, सहज बाहेर न निघणारं पाणी) आणि 53.57 उपयुक्त (त्याच्या वरचं, नेहमी वापरायचं). बातमीतली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. म्हणजे शून्य टक्के असताना धरणात 63 टीएमसीच्या वर पाणी असतं, नेहमीच्या पातळीखाली आहे इतकंच. उणे 20 टक्के म्हणजे 53.57 चे 20 टक्के, साधारण 10.7 टीएमसी, मृतसाठ्यातून उपसलेत. उरतात जवळपास 53 टीएमसी. कोयनेची सगळी क्षमता 105.25 आहे, म्हणजे "उणे" उजनीत अर्ध्या कोयनेइतकं पाणी असतं! 2024 च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे 50 च्याही खाली गेला होता. धरण रिकामं झालं असं समजून घाबरायचं कारण नाही, आणि 53 टीएमसी आहे म्हणून निवांत बसायचंही नाही, कारण मृतसाठ्यातलं पाणी सहज बाहेर काढता येत नाही आणि गाळही त्यातच असतो.

टीएमसी आणि क्युसेक यांचं नातं एकदा करून ठेवा, आयुष्यभर पुरतं. टीएमसी म्हणजे साठा, शंभर कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे वेग, सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. दिवसाचे 86,400 सेकंद, म्हणून 11,574 क्युसेक सलग 24 तास सोडलं की 1 टीएमसी होतं. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा ग्रुपवर प्रश्न आला की 35 हजार म्हणजे किती. मी 10 हजार लिटरच्या टँकरचा हिशोब करून टाकला: सेकंदाला साधारण शंभर टँकर. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. आणि हा वेग दिवसभर राहिला तर 3 टीएमसी, खुद्द खडकवासल्याची क्षमता 2 टीएमसीपेक्षा थोडी कमीच आहे, म्हणजे वरच्या पानशेत-वरसगावातून येणारं पाणीही त्यातच असतं.

व्याजदराचं थोडक्यात. 100 बेसिस पॉइंट म्हणजे 1 टक्का. फेब्रुवारी 2025 मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक बाकी बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 6.50 वरून 6.25 झाला, ही 25 बेसिस पॉइंटची कपात, म्हणजे पाव टक्का. "25 टक्के कपात" असा मेसेज आला तर पाठवणाऱ्याला प्रेमाने सांगा. रेपो कमी झाला म्हणून हप्ता दुसऱ्या दिवशी कमी होत नाही, तुमचं लोन रेपोला जोडलेलं असेल तर तुमच्या रीसेटच्या तारखेला फरक पडतो, फिक्स्ड असेल तर पडतच नाही.

*सावधान:* दुसऱ्या देशाच्या वेबसाइटवरचा आकडा उचलू नका. मराठी शब्दाचा इंग्रजी करून सर्च केलं की हे हमखास होतं.

6. कागदाची बातमी असेल तर कागदाचं डोकं वाचा

"अध्यादेश निघाला!" हे वाक्य महाराष्ट्रात जितकं चुकीचं वापरतात तितकं दुसरं कुठलं नसेल. सरकारी कागद मुख्यतः तीन प्रकारचे पडतात. अध्यादेश म्हणजेच वटहुकूम, तो राज्यपाल काढतात, अधिवेशन चालू नसताना, त्याला कायद्याचं बळ असतं आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. अधिसूचना राजपत्रात येते, आहे त्या कायद्याखालचे नियम वगैरे लागू करायला किंवा बदलायला. आणि शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, तो विभागाचा प्रशासकीय निर्णय.

जानेवारी 2024 मध्ये मराठा आंदोलन वाशीला पोचलं तेव्हा सगळीकडे "सगेसोयऱ्यांचा अध्यादेश" चाललं होतं. प्रत्यक्ष हातात दिलेला कागद 26 जानेवारीचा अधिसूचनेचा मसुदा होता, त्यावर 16 फेब्रुवारीपर्यंत हरकती मागवल्या होत्या. मसुदा म्हणजे अजून लागू नाही. बाजू कुठलीही घ्या, पण हा फरक ज्याला माहीत होता त्याला पुढचे महिनाभराचे वाद कशावरून चाललेत ते कळत होतं, बाकीचे "अध्यादेश निघालाय ना, मग दाखला का मिळत नाही" विचारत बसले. 2 सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटबद्दलचा कागद मात्र शासन निर्णय होता.

काय करायचं: कागदाचा फोटो फिरत असेल तर झूम करून सगळ्यात वरच्या चार ओळी वाचा. "शासन निर्णय क्रमांक", "अधिसूचना", "मसुदा" किंवा "प्रारूप", यातलं काहीतरी तिथेच लिहिलेलं असतं. जीआर असेल तर शेवटाकडे लांबलचक सांकेतांक असतो, तो राज्य शासनाच्या वेबसाइटवर शासन निर्णयांच्या पानावर टाकून खरा आहे का बघा. दोन मिनिटांचं काम आहे. फॉरवर्डवाल्या जीआरमध्ये बहुतेक वेळा दुसरं पानच नसतं.

7. शब्द काढा, अर्थ घाला, वाक्य मोठ्याने वाचा

ही पायरी मी पूर्वी गाळायचो आणि मला महागात पडली, म्हणजे मला नाही, मावशीला. तिच्या गावातल्या रस्तारुंदीकरणावर कोर्टाने "जैसे थे" आदेश दिल्याची बातमी आली. तिने फोन करून विचारलं, मी म्हटलं अगं म्हणजे रस्ता होत नाही, आहे तसंच राहणार. तिने खूश होऊन पुढची पडकी भिंत पाडून नवी बांधायला घेतली, आणि आठवड्याभरात नोटीस आली. कारण जैसे थे म्हणजे परिस्थिती आहे तशी ठेवा, दोन्ही बाजूंनी. सरकारने तोडायचं नाही आणि तुम्ही बांधायचं नाही. मी जर वाक्य असं वाचलं असतं की "कोर्टाने सांगितलंय, पुढच्या आदेशापर्यंत कुणीही काही बदलू नका", तर "कुणीही" मध्ये मावशी येते हे मला तेव्हाच दिसलं असतं. भिंत अजून अर्धीच आहे, विटा अंगणात पडल्यात आणि दिवाळीला गेलो की मला त्या दाखवल्या जातात.

तीच गोष्ट स्थगितीची. स्थगिती म्हणजे थांबवलंय, रद्द म्हणजे संपलं. स्थगिती उठते.

*तपासा:* बदललेल्या वाक्यात "कुणाला", "कधीपर्यंत" आणि "आता पुढे काय" या तिन्हींची उत्तरं मिळतायत का? कधीपर्यंत सापडत नसेल तर बातमीच अर्धवट आहे, उद्याचा पेपर बघा.

8. तारीख टाका, आणि जुनं खोडताना जरा थांबा

शब्द शिळे होतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि माझ्या वहीची दोन पानं एका रात्रीत जुनी झाली. खुनाचं 302 आता 103, फसवणुकीचं 420 आता 318, जमावबंदीचं 144 (ते दुसऱ्या कायद्यातलं) आता 163. मी उत्साहात सगळे जुने आकडे खोडायला घेतले आणि मग लक्षात आलं की 1 जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांवर चालतात, त्यामुळे आज निकाल लागला तरी बातमीत 302 च येणार, आणि ती चूक नाही. म्हणून खोडू नका, पुढे नवा आकडा लिहा आणि दोन्हींना तारीख घाला. बातमी वाचताना निकालाची तारीख न बघता गुन्हा कधी घडला ते बघा.

बाबांच्या पानावर 144 च्या पुढे लाल पेनाने 163 लिहिलंय. परवा चौकात जमावबंदी लागली तर ते वही उघडून 163 बघून आले आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, "144 लागलंय."